फिंजोचा भरलेला प्याला

मित्रांनो, मला हातात घेतलंत तर सगळ्यांत आधी वास येईल. जुन्या लोण्याचा, मिठाचा आणि धुराचा. नाक मुरडू नका हं! मी एक जुना लाकडी प्याला आहे, आणि तो वास ही माझी आयुष्यभराची कमाई आहे. सध्या माझा मुक्काम दार्जिलिंगच्या तुंगसुंग वस्तीत, एका स्वयंपाकघराच्या फळीवर, मिक्सरच्या मागे. माझ्या पोटात बटणं, सेफ्टी पिना आणि कुठल्याच कुलपाला न लागणारी एक किल्ली राहते. असो. गाऱ्हाणं नंतर सांगेन, आधी जन्मकथा ऐका.

नेपाळात, सोलूच्या खोऱ्यात, एका झाडाला कधीतरी जखम झाली होती आणि तिथे ही मोठी गाठ आली होती. त्या गाठीतून मला कोरलं. कोरणारा म्हातारा भारी तिरसट. मला कोरत असतानाच त्याचं बायकोशी कडाक्याचं भांडण चाललं होतं. तिला उत्तर देण्याच्या नादात त्याचा हात थांबला आणि माझी एक कड जाड राहून गेली ती राहिलीच. फिंजो शेर्पा नावाच्या एका जवान गड्यानं टोपलीभर बटाटे देऊन मला घेतलं. त्याला ती जाड कडच आवडली. "न बघता हाताला कळेल, आपलाच आहे म्हणून," तो म्हणाला.

आमच्या लोकांत ज्याचा प्याला त्याचाच. दुसरा कुणी त्याला ओठ लावत नाही, सख्खा भाऊसुद्धा नाही. प्याला अंगरख्याच्या खोळीत, पोटाशी ठेवायचा. मीठ-लोणी घालून घुसळलेला चहा असो, सातूचं पीठ असो, नाहीतर कोदोची, म्हणजे नाचणीची, आंबवलेली छांग असो, सगळं त्यातच. खाऊन झालं की जिभेनं लख्ख चाटायचा आणि परत खोळीत टाकायचा. शी म्हणालात ना? म्हणा, म्हणा. तुमच्या त्या साबणापेक्षा फिंजोची जीभ मला केव्हाही बरी वाटायची.

गावात शेत एवढंसं आणि भाऊ बरेच. दार्जिलिंगला साहेब लोक येतात, बर्फाचे डोंगर चढतात, सोबतीला माणसं घेतात, असं कानावर आलं, तेव्हा फिंजो मला पोटाशी घेऊन चालत दार्जिलिंगला आला. पुढे त्यानं आपल्या आईला, आमाला, आणलं. मग छांजीशी लग्न केलं. छांजी स्वतः ओझी वाहायची. कपाळाला पट्टा लावून तिनं पाटी उचलली की बघणारे गडी आपसूक आपल्या ओझ्याची गाठ नीट करण्यात गुंतायचे!

तेव्हा त्या उंच शिखरांवर कुणाचंच पाऊल पडलं नव्हतं, मित्रांनो. प्रत्येक वसंतात साहेब येत, मोठ्या हौसेनं वर जात. काही परतत, काही वरच राहत. आमच्या वस्तीतली माणसंही त्यांच्याबरोबर जात. त्यांतलीही काही परतत, काही वरच राहत. साहेबांची नावं वर्तमानपत्रात छापून यायची. आमच्या माणसांची नावं मात्र घरातही कुणी घेत नसे, कारण गेलेल्याचं नाव घेतलं की त्याचा जीव मागे वळून बघतो, अशी समजूत. त्यामुळे वस्तीत एखादं नाव घेताना एकदम कुणी थबकलं, की समजायचं.

मी फिंजोबरोबर बरेच डोंगर पाहिले. थंडीत साहेबांचे पत्र्याचे मग ओठाला चिकटायचे, सालटी निघायची. मी मात्र कुणाचा ओठ सोलला नाही. टॉमलिन म्हणून एक तरुण साहेब होता, उंच, हसरा, नाकावर सदा उन्हाची सालं. तो मला बघून हात पुढे करायचा आणि मोडक्यातोडक्या बोलीत म्हणायचा, "फिंजो, एक घोट!"

"साहेब, जीव मागा, प्याला मागू नका," असं म्हणून फिंजो मला खोळीत दडवायचा आणि दोघंही हसायचे.

आता त्या वसंताची गोष्ट सांगतो.

कुणी लांबच्या वाटेला निघालं की आमच्या घरांत त्याच्यापुढे चहा भरून ठेवतात. निघणाऱ्यानं तो प्यायचा नसतो. तो परत येऊन, त्याच जागी बसून पितो. तोवर रोज सकाळी शिळा चहा दारातल्या धुपीच्या झाडाच्या बुंध्याशी ओतायचा आणि ताजा भरायचा. प्याला कोरडा पडू द्यायचा नाही. एकदा भरला की घरधनी परतेपर्यंत त्याला दुसरं काम नाही. फिंजोच्या घरात ह्यासाठी निळ्या फुलांचा एक चिनी प्याला होता. निघायच्या सकाळी छांजीचं आणि फिंजोचं मोज्यांवरून वाजलं होतं. ती म्हणत होती, जाड मोजे ने. तो म्हणत होता, ते चावतात. ती रागारागानं बोलत राहिली, किटली उचलली, आणि चुलीजवळ मी होतो, तर मलाच भरून मोकळी झाली!

"अगं बये, हे काय केलंस!" आमा ओरडली. "तो त्याचा रोजचा प्याला आहे ना! आता तिकडे काय ओंजळीनं प्यायला लावतेस त्याला?"

छांजीनं किटली खाली ठेवली. ओतलेला चहा परत घेता येत नाही. तसं करणं म्हणजे निघालेल्याची जागाच काढून घेणं.

"राहू दे गं आमा," फिंजो म्हणाला. "साहेबांचे मग आहेत की."

"मागच्या वर्षी त्या मगांना शिव्या कोण देत होतं?" छांजी रडवेली होऊन म्हणाली.

"मग लवकर येईन. माझा प्याला इथे अडकवून ठेवलायस, जातोय कुठे मी!"

तो हसत हसत उतरणीला लागला. मी काठोकाठ भरलेला, फळीवर. जन्मात पहिल्यांदा त्याचं पोट मला सुटलं होतं. खरं सांगतो, मला फार एकटं वाटलं.

फिंजो आणि टॉमलिन साहेब चढायला गेले होते तो कांचनजुंगा आमच्या वस्तीवरच्या कड्यावरून समोर दिसतो. छांजी रोज सकाळी मला ताजं भरायची आणि मग वर चौरस्त्याच्या कठड्यापाशी जाऊन डोंगर बघून यायची. घरी आली की आमाला सांगायची. "आज मोकळा आहे." "आज वर वारा आहे, शेंड्यावरून बर्फ उडतंय." तिथे कठड्यापाशी एक म्हातारा साहेब रोज दुर्बीण लावून उभा असायचा. तो टॉमलिन साहेबाचा बाप. पोराला सोडायला बोटीनं इतक्या लांब आला होता आणि पोर उतरेपर्यंत थांबणार होता. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. तो टोपी उचलायचा, ती मान लववायची.

मग एक दिवस सरदार पाल्देन दारात आला. हमालांचा आणि शेर्पांचा तो म्होरक्या. सरदार असा अवेळी दारात आला की आमच्या बायका त्याच्या तोंडाकडे नाही, हाताकडे बघतात. हातात अंगरखा किंवा जपमाळ असली तर विचारायचं काही उरत नाही. पाल्देनचे हात रिकामे होते.

"भाउजू," तो खाली बसून, वहिनीला म्हणतात तसं, म्हणाला, "फिंजो आणि टॉमलिन साहेब सगळ्यांत वरच्या तंबूतून निघाले. दुपारी वादळ आलं. निवळल्यावर आम्ही हाका मारल्या, शिट्ट्या मारल्या, वर जाऊन शोधलं. दोरीचा तुकडासुद्धा दिसला नाही."

"मेलेला पाहिलास?"

"नाही, पण..."

"त्याची काही वस्तू आणलीस?"

"नाही."

"मग तू मला काय सांगायला आलायस?" असं म्हणून छांजीनं किटली उचलली, माझ्यातला चहा बदलला. सकाळीच बदललेला होता. निम्मा चहा फळीवर सांडला.

त्या दिवसापासून घरात एक तेढ सुरू झाली, आणि मित्रांनो, तिच्यात वाईट कुणीच नव्हतं. आमाचं म्हणणं, पोरगा गेला. गेलेल्याला सात आठवड्यांच्या आत लामागुरुजींनी वाट दाखवावी लागते. ती दाखवली नाही तर तो बर्फात भटकत राहील. आणि त्यासाठी आधी त्याचा प्याला रिकामा करून पालथा घालावा लागतो. छांजीचं म्हणणं, तो जिवंत आहे. जिवंत माणसाचा प्याला पालथा घातला तर तो घराची वाटच विसरेल.

"तुला नवरा हवा म्हणून माझ्या लेकराला तिष्ठत ठेवतेस!" आमा म्हणायची.

"आणि तुम्ही? आई असून त्याला हाकलताय!"

मग दोघी एकाच चुलीशी तोंडं फिरवून बसायच्या आणि एकीला ठसका लागला की दुसरी मुकाट्यानं पाणी द्यायची. आणि माझी काय अवस्था! उलटा झालो तर तो मेला, सुलटा राहिलो तर तो भटकला. नुसतं एक लाकूड मी, पण त्या दिवसांत मला माझंच ओझं झालं होतं.

शेवटी लामागुरुजी आले. त्यांनी दोघींचं ऐकलं, पंचांग पाहिलं, बराच वेळ हनुवटी खाजवली. "सूनबाई," ते म्हणाले, "सातवा आठवडा फार लांब नाही. काय ते ठरव."

"सरदार वरचं सामान उतरवायला माणसं नेतोय," छांजी म्हणाली. "मी ओझ्याला जाते. त्याचा माग लागला नाही, तर तिथे बर्फावर मी माझ्या हातानं प्याला पालथा घालीन. मग तुम्ही खुशाल पूजा मांडा."

 निघताना आमानं लोण्याचा गोळा फडक्यात बांधून छांजीच्या पाटीत टाकला आणि म्हणाली, "चहात जास्त घाल. त्याला जास्त लागतं." तिला स्वतःलाच आपल्या बोलण्याचं नवल वाटलं असावं, कारण ती लगेच आत निघून गेली.

छांजीनं मला रिकामं केलं, पण पालथं घातलं नाही. सुलटंच आपल्या खोळीत ठेवलं, आणि कोरडं पडू नये म्हणून वाटेत रोज सकाळी घोटभर चहानं ओलं केलं. पुरुषाचा प्याला बाईच्या खोळीत म्हणजे वस्तीत चर्चेला ऊत! तिनं कुणाकडे पाहिलं नाही.

वाटेत एकही खोपटं तिनं सोडलं नाही. इतर लोक विसाव्याला बसले की ही पाटी ठेवून बाजूच्या ओढ्यांतून, कुरणांतून शिरायची आणि विचारून यायची. सरदार वैतागला. "भाउजू, तुम्ही ओझ्याला आलात की पाहुणचाराला?"

"माझं ओझं वेळेवर पोचतंय ना? मग तुझं पोट का दुखतंय?" ती म्हणायची. आणि खरंच, तिची पाटी कधी मागे पडली नाही.

बर्फ सुरू होण्याच्या जरा खाली, एका आडबाजूच्या कुरणात, एका म्हाताऱ्या याकवालीचं खोपटं होतं. म्हातारीनं छांजीला बसवलं आणि चहा घुसळला. छांजीनं आपला प्याला काढायला खोळीत हात घातला, तर हाताला आधी मी लागलो. तिनं मला बाहेर काढलं, पाहिलं आणि शेजारी ठेवून दिलं. मग आपला काढला.

"दोन प्याले कशाला गं?" म्हातारीनं विचारलं.

"हा नवऱ्याचा आहे. निघताना चुकून ह्यातच चहा भरला मी. बिनप्याल्याचा गेला तो." आणि इतके दिवस न रडलेली छांजी त्या परक्या बाईपुढे ढसाढसा रडली. "माझ्यामुळे गेला हो!"

म्हातारी माझ्याकडे टक लावून बघत राहिली. मग उठून तिनं खोपटाच्या मागच्या अंगाला नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

"मी सांगितलं असं त्याला कळू देऊ नकोस. मागच्या खोलीत एक माणूस पडलाय. पाय काळे पडले होते. माझ्या लेकानं बर्फातून पाठीवर आणला. नाव सांगत नाही, गाव सांगत नाही. माझ्या घरात इतके प्याले, पण एकाला शिवत नाही. चहा ओंजळीत ओतायला लावतो, हात भाजून घेतो. म्हणतो, माझा प्याला घरी भरून ठेवलाय, दुसऱ्याला तोंड लावलं तर तो कोरडा पडेल."

छांजी उठली ती धडपडतच. पण दाराशी गेल्यावर थांबली. परत आली, आमाचं लोणी काढलं, म्हातारीच्या किटलीत चांगलं भरपूर घातलं, आणि मला काठोकाठ भरून घेऊन आत गेली.

फिंजो भिंतीकडे तोंड करून पडला होता. दाढी वाढलेली, गालांवर सालं, पाय पोत्यांत गुंडाळलेले. मी त्याला वासावरून ओळखलं. त्यानंही मला वासावरूनच ओळखलं असणार, कारण तो वळला, आधी मला पाहिलं, मग तिला.

"तू इथे कशी?"

"ओझं घेऊन आले. तू इथे कसा?" ती म्हणाली. "निरोप धाडायला काय झालं होतं? तिकडे तुझी आई तुला वाट दाखवायला निघालीय!"

"दाखवू दे. मी घरी येणार नाही."

"का?"

तो कसाबसा उठून बसला. मग बोलला. "साहेबाला सोडून आलो मी. वादळात वाट चुकलो, भलत्याच अंगाला उतरलो. त्याची छाती भरली होती, श्वास घरघरत होता. एका खळग्यात बसलो दोघं. सकाळी त्याला उठता येईना. त्यानं कंबरेची दोरी सोडली. बोटं चालेनात, तर दातांनी सोडली. माझ्या छातीवर धक्का दिला आणि म्हणाला, जा. आणि मी गेलो, छांजी. मागे वळून पाहिलं तर त्याचे डोळे उघडे होते. हात वर केला त्यानं. असा. मेलेल्याला सोडून येतात गं. मी जिवंत माणसाला सोडून आलो. कोणत्या तोंडानं येऊ?"

छांजीनं मला त्याच्यापुढे ठेवलं. फिंजो हात पुढे करता करता थांबला.

तो का थांबला ते सांगायला हवं. आमच्यात कुणाकडे मोठं मागणं घेऊन जायचं तर हातात पिण्याचं भांडं घेऊन जातात. समोरच्यानं घोट घेतला की त्याला नाही म्हणता येत नाही. सोयरीक असो नाहीतर जुनं भांडण मिटवायचं असो, सगळी मागणी अशीच होतात. त्यामुळे शहाणी माणसं आधी विचारतात आणि मग ओठ लावतात.

"काय मागणार आहेस?" फिंजोनं विचारलं.

"पी आधी."

"घरी चल म्हणणार असशील तर उचल तो."

"तुझ्या घरी येण्यावाचून काय अडलंय माझं! एक तोंड खायला कमीच आहे." हे म्हणताना तिनं तोंड फिरवलं. "चौरस्त्यावर तुझ्या साहेबाचा बाप उभा आहे. रोज उभा असतो. सरदारानं त्यालाही सांगितलं, पोरगा गेला म्हणून. तर तो विचारतो, कुणी पाहिलं का? नाही ना? मग तो आहे. फिंजो, मी हेच म्हणत होते. अगदी हेच. माझं खरं ठरलं. त्याचं ठरणार नाहीये. तो तिथे उभा राहून राहून मरेल. त्याला जाऊन सांग."

"काय सांगू? तुझ्या पोराला बर्फात बसवून मी खाली उतरलो?"

"हो. तेच."

मित्रांनो, मी दोघांच्या मध्ये होतो. माझ्यातून वाफ निघत होती, मग कमी झाली, मग लोण्याची पातळ साय धरायला लागली. फिंजो माझ्याकडे बघत होता. शंभर माणसं माझ्यातून प्यायली असती तरी माझ्याकडे एवढं घाबरून कुणी पाहिलं नसतं. मला ओरडून सांगायचं होतं, अरे, घे! पण लाकडाला कुठलं ओरडणं.

 बाहेर म्हातारी आपली उगाचच याकाला शिव्या देत होती.

मग दोन फुटलेले, सोललेले हात पुढे आले. बोटं आधी माझ्या जाड कडेवरून फिरली. आणि फिंजो प्यायला. एका दमात, डोळे मिटून, तळापर्यंत. प्यायल्यावर त्यानं मला चाटलंसुद्धा. छांजीनं तोंडावर बाही दाबली आणि ती हसली की रडली ते मला सांगता येणार नाही, कारण तोवर मी त्याच्या खोळीत, माझ्या जागेवर होतो.

त्याला पाटीत बसवून आळीपाळीनं खाली आणलं. सरदारानं स्वतः उचललं, आणि छांजीनं तर सगळ्यांत जास्त. घरी आमानं त्याला पाहिलं, तशी धावत येऊन दोन्ही मुठींनी त्याच्या पाठीत गुद्दे घातले. "मेल्या, जिवंत आहेस होय! इथे लामागुरुजींना जेवायचं आमंत्रण गेलंय ना माझं!" मग त्याचं डोकं पोटाशी धरून ती मटकन खाली बसली. आमंत्रण तसंच राहिलं. गुरुजी आले, पोटभर जेवले आणि म्हणाले, असं जेवण बारा महिने घाला.

पण मागणं बाकी होतं. दुसऱ्या सकाळी फिंजोला म्हाताऱ्या साहेबाच्या मुक्कामी नेलं. बाहेरच्या व्हरांड्यात सरदार हळूच त्याच्या कानाशी लागला. "हे बघ, सांग की तुझ्या मांडीवर प्राण सोडला. तुझं काय जातं? म्हाताऱ्याला बरं वाटेल, तुलाही कुणी बोल लावणार नाही."

फिंजोनं छांजीकडे पाहिलं. ती म्हणाली, "जसं झालं तसं."

त्यानं जसं झालं तसं सांगितलं. त्याचं काळीज माझ्या बुडावर धडाधड आपटत होतं. दातांनी सोडलेली दोरी, छातीवरचा धक्का, उघडे डोळे, वर केलेला हात. सरदार एकेक वाक्य साहेबांच्या भाषेत सांगत गेला. डोळे उघडे होते, हे वाक्यही त्यानं गाळलं नाही.

 मग म्हाताऱ्यानं एक प्रश्न विचारला. सरदार बुचकळ्यात पडला. त्यानं पुन्हा विचारायला लावला.

"काय म्हणतोय?" फिंजोनं विचारलं.

"म्हणतोय, बूट चावत होते का?"

"काय?"

"साहेबाचे बूट. ह्यानंच शिवले होते म्हणे. चांभार आहे हा, तिकडचा." सरदार स्वतःच चकित झाला होता. सगळी वस्ती त्याला मोठा जमीनदार समजत होती.

फिंजो सावरून बसला. "नाही चावले. सांग त्याला. पाणी शिरलं नाही त्या बुटांत. साहेबाचे पाय शेवटपर्यंत चालले असते. त्याचा श्वास संपला, पाय नाही संपले."

हे ऐकल्यावर म्हाताऱ्यानं टोपी काढून बाजूला ठेवली आणि तो मोठ्यानं रडला, आमच्या बायामाणसांसारखा, हुंदके देऊन. कुणी त्याला थांबवलं नाही. छांजी त्याच्याशेजारी जाऊन बसली.

रडून झाल्यावर त्याची नजर फिंजोच्या पायांवर गेली. पोत्यांत गुंडाळलेले, पुढची बोटं गेलेले पाय. तो उठला, फिंजोपुढे गुडघे टेकून बसला आणि पोती सोडायला लागला.

"अहो साहेब, नको!" फिंजोनं पाय ओढून घेतले. आमच्यात पाय कुणाकडे करतसुद्धा नाहीत, आणि हा तर बापाच्या वयाचा माणूस!

"बस गप," छांजी म्हणाली. "मोजू दे त्याला."

म्हाताऱ्यानं खिशातून सुतळी काढली. टाचेपासून जिथे बोटं संपायची तिथपर्यंत मोजलं, पायाभोवती फिरवून मोजलं, प्रत्येक मापाला गाठ मारली. हात अगदी हलके. मोजता मोजता, मान वर न करता, तो काहीतरी पुटपुटला.

सरदारानं सांगितलं. "म्हणतोय, तू आलास, फार बरं झालं. नाहीतर मी उभाच राहिलो असतो."

बाजारातल्या एका चांभाराच्या दुकानात बसून म्हाताऱ्यानं ते बूट शिवले. बोटांच्या जागी याकाची लोकर भरली. ते घालून फिंजो पुन्हा सरळ चालायला लागला आणि मगच म्हातारा बोटीवर चढला. फिंजो बर्फात परत गेला नाही. त्यानं दोन तट्टं घेतली आणि चौरस्त्यावर पोरांना फिरवत म्हातारा झाला. टॉमलिन साहेबाचं नाव मात्र तो घ्यायचा, खुशाल, मोठ्यानं. जीव मागे वळून बघेल असं कुणी म्हटलं की म्हणायचा, "बघू दे की. हसरा माणूस होता."

फिंजो गेला तेव्हा छांजीनं मला रीतीप्रमाणे पालथं घातलं. सात आठवडे झाल्यावर सुलटं केलं, धुतलं आणि स्वतःच माझ्यातून प्यायला लागली. शेजारणींनी तोंडाला हात लावले. ती म्हणाली, "एकदा वाहून नेलाय मी त्याला, तेवढा हक्क आहे माझा." तीही गेली, आणि मग घरात स्टीलचे पेले आले, कपबश्या आल्या, आणि माझ्यात बटणं आली.

माझं गाऱ्हाणं एवढंच, मित्रांनो, की लोणी न लागल्यानं मला आता तडा जायला लागलाय. घरात असा कुणी जुना प्याला असेल तर त्याला कधीमधी बोटभर लोणी चोळा, आणि तो कुणाचा होता ते घरात विचारा. वर राहिलेल्यांची नावं घ्या, साहेबांची घ्या आणि ओझी वाहणाऱ्यांचीही घ्या.

आणि अजून एक. तुमच्या दारात कधी कुणी एकटाच परत येईल, मान खाली घालून. "बाकीचे कुठे?" हे ओठांवर आलं तरी गिळा. आधी त्याला बसवा. त्याच्या पायांकडे बघा.